फायबरची जुनी की अल्युमिनियमची नवी? छोटी मोटरबोट घेण्याआधी कुठे काय बघायचं

आमच्या घरी गेले दोन महिने जेवताना हाच विषय. भाच्याला आणि त्याच्या दोन मित्रांना मिळून बोट घ्यायचीय, एकाची चांदोदच्या पुढे नर्मदेला लागून शेती आहे, शनिवार-रविवार तिकडेच पडीक असतात, तर म्हणे १४-१६ फुटी बोट, मागे बाहेरून टांगायची आउटबोर्ड मोटर, काम झालं की ट्रेलरवर चढवून शेडमध्ये. दोन बोटी नजरेत आहेत. एक मुंबईकडची फायबरची १६ फुटी, बारा वर्षं जुनी, ४० हॉर्सपॉवरची मोटर लावलेली, फोटोत एकदम चकचकीत. दुसरी अल्युमिनियमची १४ फुटी, नवी, वेल्डिंग केलेली, दिसायला साधी आणि भावात बरीच चढी. "मामा, तुम्ही फायबरवाले, तुम्हीच सांगा" म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) बावीस वर्षं एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्या, टाक्या बनवतोय, केमिकल कंपन्यांसाठी. बोट हा माझा धंदा नाही, पण मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, तीच, तिला भिजवून घट्ट करणारं रेझिन तेच, रोलर मारणारा कारीगर तोच, आणि चुकाही त्याच. म्हणजे खरं तर माझं मन फायबरकडे झुकायला हवं. तरी या दोनांत मी अल्युमिनियमचं नाव घेतलं, कारण जुन्या फायबरच्या बोटीतला बिघाड आत दबलेला असतो आणि अल्युमिनियमचा बहुतेक करून डोळ्यांना दिसतो. आपल्यासारखा पहिल्यांदा बोट घेणारा माणूस दिसणाऱ्या गोष्टीवरच भाव करू शकतो ना.

आधी ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत जिच्यावर मोटर टांगलेली असते. चार-स्ट्रोकची ४० हॉर्सपॉवरची मोटर जवळपास शंभर किलोची, वर तिचा सगळा रेटा त्याच भिंतीवर येतो, आणि जुन्या फायबर बोटींत ही भिंत म्हणजे आतून-बाहेरून फायबर आणि मधे प्लायवूड. प्लाय कोरडं असेपर्यंत काही त्रास नाही. पण मोटरचे चार बोल्ट, खालचं पाणी काढायचं बुच, पाण्याची खोली मोजणाऱ्या डेप्थ-फाइंडरचे स्क्रू, अशी आठ-दहा भोकं त्यात असतात आणि भोक पाडणाऱ्याने आतला लाकडाचा कडा नीट सील केलेला नसतो, मग थेंब थेंब पाणी आत जातं आणि प्लाय कुजून चहात बुडवलेल्या टोस्टसारखं होतं, आणि बाहेरून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत चकचकीत थर, तसाच गुळगुळीत! विकणारा खोटं बोलतोय असंही नाही, त्यालाही माहीत नसतं.

हे ओळखायचं कसं? छोट्या हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकत जायचं, चांगल्या जागी टणक टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बसका, मातीचं फुटकं मडकं वाजवल्यासारखा. मग मोटर अर्धी वर करून तिच्या पायावर हाताने जोर द्यायचा आणि दुसऱ्याने भिंतीचा वरचा कडा बघायचा, हलताना दिसला की समजून जा. तरी शंका राहिली तर मालकाला विचारून आतल्या बाजूने, खाली, एक बारीक ड्रिल मारायचं, भुसा कोरडा पिवळट आला तर ठीक, काळा ओला आला तर विषय संपला. ड्रिल मारू देत नसेल तर मी तरी ती बोट सोडून देईन. भोक इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने, पाच मिनिटांत बुजतं, त्यात मालकाचं काही जात नाही.

दुरुस्ती होते, होत नाही असं नाही. मोटर उतरवायची, आतली फायबरची कातडी कापायची, सगळं कुजकं लाकूड खरवडून काढायचं, आयएस ७१० चं मरीन प्लाय किंवा सरळ हाय-डेन्सिटी फोमचा बोर्ड इपॉक्सीत बसवायचा आणि वरून ग्लास, म्हणजे फायबरचे थर, मारून बाजूंना नीट बांधायचं. जुन्या फायबरवर नवं चढवताना कडेला लांब उतार घासावा लागतो, १ मिमी जाडीला १२ मिमी, आमच्या कारीगरांना हे सांगूनही ते आखूड घासतात आणि मग तिथूनच सुटतं. शेवटी बोल्टची भोकं मोठी पाडायची, घट्ट इपॉक्सीने भरायची आणि त्यातून परत बोल्टाच्या मापाचं भोक, म्हणजे पाणी गळलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. काम आठ-दहा दिवसांचं आणि मजुरी भरपूर. जुन्या बोटीच्या भावात हा खर्च धरून बघा, बहुतेक वेळा नवीच्या जवळ जाऊन बसतो.

दुसरी लपलेली जागा फ्लोअरच्या खाली. तिथे लांब आडणी असतात, स्ट्रिंगर म्हणतात, तीही जुन्या बोटीत लाकडाची, आणि मधल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम ओतलेला. फोम कशाला, तर बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. एक घनफूट कोरडा फोम साधारण २७ किलो वजन तोलतो. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक आउटबोर्ड बोटींना भरल्यावरही सपाट तरंगत राहायची कायद्याने सक्ती आहे ती यामुळेच. आता हाच फोम वर्षानुवर्षं पाण्यात बसला की पाणी पितो, मग तरंगवायचं सोडून उलट वजन वाढवतो. बोट ट्रेलरवर असताना वजनकाट्यावर नेऊन, ट्रेलर आणि मोटरचं वजन वजा करून, तिच्या कागदावरच्या वजनाशी ताडून बघा, दीड-दोनशे किलो उगीच जास्त भरली तर ते बहुधा पाणीच आहे. फ्लोअरवर चालताना पाय दबतो का तेही बघायचं.

बडोदेकरांना याचं वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. तेव्हापासून मला कोणी बोटीबद्दल विचारलं की मी रंग आणि स्पीडच्या आधी हेच विचारतो की किती जण बसणार, जॅकेट किती, आणि पाणी भरलं तर ही तरंगते का. भाच्याला मी स्पष्ट सांगितलंय, फोम कोरडा असल्याची खात्री होत नसेल तर मी तुझ्या मुलीला त्या बोटीत बसू देणार नाही.

वरवरच्या गोष्टींना मात्र लोक फार घाबरतात. जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या की बोट गेली असं नसतं. जेलकोट अर्धा मिमीच्या आसपास असायला हवा, कारखान्यात जाड मारला गेला की तो आपोआप तडकतो. एखादा दगड लागून झालेली गोल चीर असेल तर घासून जेलकोट भरला की झालं. पण एकाच कोपऱ्यातून समांतर चिरा निघत असतील, किंवा आतल्या आडणीच्या बरोबर वर रांगेत असतील, तर तिथली पाटी लवचिक आहे, आतून ग्लासचे थर वाढवल्याशिवाय वरून कितीही जेलकोट भरा, सीझनभरात परत येणार. आणि खाली पाण्याच्या बाजूला फोड आले असतील तर एक फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती ऑस्मोसिस, पाणी जेलकोटमधून आत जाऊन रेझिनमध्ये राहिलेली विरघळणारी द्रव्यं ओढून घेतं आणि दाब तयार होतो. आमच्या टाक्यांतही होतं, म्हणून आम्ही आतला थर व्हिनाइल एस्टर या पाण्याला जास्त टिकणाऱ्या रेझिनचा देतो. साध्या ऑर्थो रेझिनपेक्षा आयसो बरं आणि त्याहून व्हिनाइल एस्टर. पण जी बोट ट्रेलरवर कोरडी राहणार आहे तिला चार-दोन फोडांनी काही होत नाही, उगीच त्यावरून सौदा मोडू नका.

नवी फायबरची बोट बनवून घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट ऐका, पावसाळ्यात बनवून घेऊ नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ओलसर मॅटवर रेझिन मारलं की ते नीट पकत नाही. आम्ही ॲसिटोन लावून हाताचं बोट फिरवतो, चिकट लागलं तर माल कच्चा. तुम्हीही आतल्या बाजूला, पेंट नसलेल्या जागी, हे करून बघू शकता. आणि घरी दुरुस्ती करणाऱ्यांनी कृपा करून कोबाल्ट आणि हार्डनर, रेझिन पकवायला टाकायचे हे दोन द्रव, एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर.

आता अल्युमिनियम. यात दोन जाती, रिव्हेटची आणि वेल्डिंगची. रिव्हेटची स्वस्त आणि हलकी, पण लाटांवर आपटून आपटून रिव्हेट ढिले होतात आणि गळायला लागतात. शोधायला सोपं आहे, बोट ट्रेलरवर ठेवून आत घोटाभर पाणी भरायचं आणि खाली वाकून जिथून थेंब पडतो तिथे मार्करने खूण करायची. ढिला रिव्हेट दोन्ही बाजूंनी ठोकून परत बसवता येतो, नाहीतर काढून बंद तोंडाचा रिव्हेट सीलंट लावून टाकायचा.

वेल्डिंगची रिव्हेटसारखी गळत नाही पण तडकते. वेल्डच्या अगदी शेजारी धातू तापून नरम पडलेला असतो, आणि आतल्या आडणीचं टोक जिथे अचानक संपतं तिथे सगळा ताण जमा होतो, चीर हमखास तिथून सुरू. टॉर्च आणून ती टोकं एकेक बघा. चीर सापडली तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक मारायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, मग खाच करून वेल्ड, आणि वर जाड पट्टी जोडून ताण पसरवायचा. मकरपुऱ्यात टीआयजी वेल्डिंगवाले पायलीला पन्नास मिळतील पण त्यांचं रोजचं काम खिडक्या-रेलिंगचं, हाताला येईल ती ४०४३ नंबरची वेल्डिंगची वायर लावून मोकळे होतात. बोटीचा पत्रा ५०८३ नंबरच्या मिश्रधातूचा असेल तर त्यावर ४०४३ चालत नाही, जोड ठिसूळ होतो. ५१८३ किंवा ५३५६ ची वायर मागायची, आणि डब्यावरचा नंबर स्वतः वाचायचा.

अल्युमिनियमचा दुसरा शत्रू गंज, लोखंडासारखा लाल नाही, पांढरी भुकटी आणि खड्डे. ओला गालिचा किंवा ओला फोम पत्र्याला चिकटून राहिला की खालून खायला सुरुवात. स्टेनलेसचा स्क्रू थेट पत्र्यात घातला की तिथे, मधे नायलॉनचा वॉशर आणि पेस्ट हवी. तांब्याची औषधं पाजलेलं प्लाय फ्लोअरला वापरलं की तिथे. तांब्याचा तुकडा, वायरीचा कचरासुद्धा, तळाला पडून राहू द्यायचा नाही. अ‍ॅनोडचं बऱ्याच जणांना माहीत नसतं, तो म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, पण नर्मदेच्या गोड्या पाण्यात जस्ताचा उपयोग नाही, त्यावर थर बसून तो झोपतो. फक्त नदीत चालवणार असाल तर मॅग्नेशियम, कधी समुद्रालाही नेणार असाल तर अल्युमिनियमचा.

वापरात काय फरक? फायबरची बोट जड, खोल व्ही आकाराची, लाटेवर मऊ चालते, आवाज कमी. अल्युमिनियमची हलकी, वाऱ्यात ढकलली जाते, पाणी आपटल्याचा डब्यासारखा आवाज येतो, आणि मे महिन्यात बडोद्याच्या ४२-४३ डिग्रीत उन्हात उभी केली तर हात लावता येत नाही, फ्लोअरला काहीतरी टाकावंच लागतं. पण चांदोदकडे सरदार सरोवरातून किती पाणी सोडलंय त्यावर नदी कमी-जास्त होते, कमी पाण्यात दगड वर येतात, तिथे अल्युमिनियमला पोचा पडतो आणि फायबरचा जेलकोट सोलून ग्लास उघडी पडते. पोच्याला घाई नाही, उघड्या ग्लासला आहे, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. शिवाय तीन माणसं मिळून हलकी बोट काठावर ओढू शकतात. आणि आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं तेव्हा अशी हलकी, उथळ पाण्यात चालणारी बोट शेडमध्ये असती तर किती कामाला आली असती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

वायरिंग आणि पेट्रोल लाइन दोन्हीकडे सारखीच बघायची. साधी तांब्याची वायर आतून काळी पडते, टिनचा मुलामा दिलेली हवी, आणि फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटीमीटरच्या आत. पेट्रोलचं जास्त महत्त्वाचं: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. बारा वर्षं जुन्या मोटरचे रबरी पाइप आणि डायफ्राम त्यात फुगतात, चिरतात. पाइप नखाने दाबून बघा, चिकट किंवा भेगाळ लागला तर सगळे बदला. पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून खाली वेगळं बसतं.

हवेच्या बोटीचंही एकाने सुचवलं होतं. पीव्हीसीची असेल आणि जोड गोंदाचे असतील तर आपल्या उन्हात जोड सुटतात, हायपालॉन रबराची टिकते पण महाग. रोटो-मोल्डच्या, म्हणजे फिरत्या साच्यात घडवलेल्या, प्लॅस्टिकची दणकट असते, फक्त तिला काही चिकटत नाही, दुरुस्ती म्हणजे प्लॅस्टिक वेल्डिंगच. दोन्ही या तिघांच्या कामाच्या नाहीत.

तर माझं मत: ही जुनी फायबरची ट्रान्सम, फ्लोअर आणि वजन या तिन्हीत पास झाली तरच, आणि तेव्हाही मोटरच्या पाइपांचा खर्च भावातून कमी करून. तिन्हीपैकी एकातही थोडी शंका आली तर अल्युमिनियमची, भले दोन फूट लहान असो. फायबरवर जीव असेल आणि घाई नसेल तर डिसेंबर-जानेवारीत लाकूड न वापरता, आयसो रेझिनची नवी बनवून घ्या, आणि थर चढताना एक दिवस तिथे उभे राहा. माझी स्वतःची आवड हीच, पण भाच्याला येत्या मेच्या सुट्टीत पाण्यात उतरायचंय.

येत्या रविवारी आम्ही अल्युमिनियमची बघायला जातोय. पिशवीत टॉर्च, मार्कर आणि एक बादली ठेवलीय, वेल्डला कुठे चीर असेल तर थेंब दिसावा म्हणून घोटाभर पाणी भरायला मालकाने होकार दिलाय.