टॅकोमा मॅन्युअल: चौदा महिने आणि अठरा हजार मैलांनंतर

गाडी: २०२४ ची टोयोटा टॅकोमा हा पिकअप ट्रक, टीआरडी ऑफ-रोड (खडबडीत वाटांसाठीची आवृत्ती), डबल कॅब (चार दारांची), फोर बाय फोर, सहा गिअरची मॅन्युअल. आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला राहतो, त्यामुळे दर आठवड्याला डोंगर आलाच. घेतली तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने विचारलं, "आता कोण घेतं क्लचची गाडी?" तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. आता चालवून झाली आहे, तर सांगते.

पहिला त्रास गाडी मिळवण्याचा. तीन डीलरांकडे फिरले. ट्रक रांगेने उभे, पण सगळे ऑटोमॅटिक. एका ठिकाणी विक्रीवरच्या मुलाने सरळ सांगितलं की मॅन्युअल महिनोन्‌महिने पडून राहते, म्हणून ते मागवतच नाहीत. शेवटी दोनशे मैलांवरून एक आणवली. लोक घेत नाहीत म्हणून ठेवत नाहीत आणि समोर दिसत नाही म्हणून लोक घेत नाहीत, असं हे चाललं आहे.

मी गाडी शिकले वाईला, मामाच्या भाजीच्या टेम्पोवर. घाटात त्याचं एकच सांगणं असायचं: "ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही." खंबाटकीत ऐकलेलं ते वाक्य मला रॉकी पर्वतात रोज उपयोगी पडतं.

इथला आयझेनहॉवर बोगदा साधारण ११,००० फुटांवर आहे. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत नुसता उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकना वळवून थांबवता यावं म्हणून कडेला खडीचे चढ बांधून ठेवलेत, यावरून काय ते समजा. जानेवारीत एकदा मंडळाची टेबलं आणि मोठी पातेली मागे भरून उतरत होते. बोगद्यातून बाहेर येतानाच चौथा टाकला. इंजिनाचा आवाज चढला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर गेला आणि गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ताशी पंचावन्न मैलांवर स्थिर झाली. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे सारखे लागत होते, विझत होते. मी पूर्ण उतारात ब्रेकला तीन-चार वेळा पाय लावला असेल. खाली पेट्रोल भरायला थांबले तर शेजारच्या गाडीच्या चाकांना जळका वास येत होता.

ऑटोमॅटिकलाही गिअर खाली आणता येतो, हे मला माहीत आहे. आमच्या आधीच्या गाडीत ती सोय होती आणि मी वर्षातून चारदासुद्धा वापरली नसेल. हातात दांडा असला की उतार दिसायच्या आधीच हात तिकडे जातो. माझ्यासाठी सगळा फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

बर्फावरही तेच. आमच्या दारातला उतार हिवाळ्यात काचेसारखा होतो. तिथे पहिल्याऐवजी दुसरा टाकायचा आणि क्लच इतका सावकाश सोडायचा की चाकाला झटका कळताच कामा नये. गाडी अलगद सरकते. रबर बर्फाला धरतंय की सुटतंय, हे डाव्या पायाच्या तळव्याला समजतं.

गिअर खाली टाकताना इंजिनाची गती आपोआप जुळवून देणारी सोय यात आहे, टोयोटा तिला आयएमटी म्हणते. पहिला महिना मी ती बंद ठेवली, कानाची सवय मोडू नये म्हणून. आता लांबच्या प्रवासात, थकले असेन तर, चालू करते. छान काम करते.

आकड्यांत बघाल तर मॅन्युअलला २७० अश्वशक्ती आणि ३१० पाउंड-फूट टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर), याच इंजिनाच्या ऑटोमॅटिकला २७८ आणि ३१७. चालवताना हा फरक मला कधी जाणवला नाही. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असल्यामुळे उंचीवरही दम फारसा कमी पडत नाही. मला गॅलनला साधारण वीस मैल मिळतात. विजेच्या मोटरची जोड असलेली हायब्रिड मात्र ३२६ अश्वशक्ती आणि ४६५ टॉर्कची, आणि ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये. जास्त ताकद हवी असेल तर तीच घ्या. तिथे क्लचचा हट्ट धरू नये.

त्रास कुठे होतो? रविवारी संध्याकाळी आय-७० महामार्गावरून डोंगरातून परतताना. आयडाहो स्प्रिंग्जपासून दोन दोन तास गाडी सरकते-थांबते, सरकते-थांबते. डावा गुडघा बोलायला लागतो. ऑटोमॅटिकमधला क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप सांभाळणारी सोय) पुढच्या गाडीमागे पार थांबेपर्यंत नेतो, मॅन्युअलमध्ये ते जमत नाही. रोज अशाच गर्दीतून कामावर जायचं असेल तर ही गाडी घेऊ नका, मनापासून सांगते.

अमेरिकेत १९८० च्या सुमारास नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश मॅन्युअल असायच्या. आता शंभरात एखाद-दुसरी. फोर्डच्या एफ-१५० मधून क्लच २००८ नंतर गेला. शेव्हरोलेच्या कोलोरॅडोतून, म्हणजे आमच्याच राज्याच्या नावाच्या ट्रकमधून, २०१८ नंतर. निसान फ्रंटियरमधून २०१९ नंतर. मोठ्या ट्रकांत सगळ्यांत शेवटी उरला रॅम. त्याच्या कमिन्स डिझेल इंजिनाला (कमिन्स म्हटलं की पुणेकराला कोथरूडचा कारखाना आठवणारच) सहा गिअरची मॅन्युअल २०१८ पर्यंत मिळायची. पण त्यातही मॅन्युअल घेणाऱ्याला टॉर्क ६६० पाउंड-फूटच मिळायचा आणि ऑटोमॅटिकवाल्याला ९३० पर्यंत. इंजिनं इतकी ताकदवान झाली की ते ओझं क्लचवर टाकणं कंपन्यांना परवडेना. शिवाय आठ-दहा गिअरच्या ऑटोमॅटिक इंधनही कमी पितात आणि थोडक्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा गिअरबॉक्स तपासून, मंजूर करून घेण्याचा खर्च असतोच. २०२५ ला जीप ग्लॅडिएटरनेही मॅन्युअल सोडली. त्या वर्षी इथल्या नव्या पिकअपमध्ये क्लच उरला तो एकट्या टॅकोमात.

ही कारणं खरी आहेत, मी ती खोडून काढत नाही. तरी वाईट वाटतं. पिकअप हे कामाचं वाहन. चिखल, चढ, मागे वजन, यासाठीच ते बनलं. नेमकं तिथेच चालवणाऱ्याच्या हाताला अजून अर्थ आहे.

मुलगी सोळाची झाली. मार्चपासून दर रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिला शिकवते आहे. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. तिच्या वर्गात क्लच पाहिलेलं दुसरं कुणी नाही, त्यामुळे विचारणार तरी कुणाला? मी शेजारून सारखी सांगत होते: काटा बघ, आता सोड, आता थोडं पेट्रोल दे. तिसऱ्या रविवारी पार्किंगच्या कडेच्या चढावर तिने गाडी थांबवली, क्लच अर्धा सोडला. बॉनेट किंचित उचललं गेलं, गाडी जागच्या जागी थरथरली. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "आई, थांब ना. मला ऐकू दे."

गाडी तसूभरही मागे न येता वर गेली.