वॉच डॉग्ज: पहिला घ्यावा की दुसरा?

हॅकिंगवरच्या या व्हिडिओ गेमचा कुठला भाग घ्यावा, हा वाद आमच्या दादरच्या ग्रुपात अजून मिटलेला नाही. माझं मत दुसऱ्याला, पण पहिल्याचंही ऐकून घ्या.

२०१४ चा पहिला भाग शिकागोत घडतो. एडन पिअर्स भाचीच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला, त्यामुळे सूर गंभीर. फोन रोखला की रस्त्यावरच्या कुणाचंही नाव, नोकरी, कमाई, एखादं गुपित समोर येतं. चौकाचौकांत कॅमेरे असलेल्या मुंबईत राहून हे खेळताना अंगावर काटा येतो. पाठलागात नदीवरचा पूल उचलून पलीकडे गाडी उडवायची, ती मजा आजही टिकून आहे. गाडी चालवणं मात्र जड वाटतं.

२०१६ चा दुसरा भाग सॅन फ्रान्सिस्कोचा. इथे हॅकिंग खरोखर तुमच्या हातात येतं. उभी गाडी पुढे, मागे, डावीउजवीकडे पळवता येते. पहारेकऱ्यावर खोटा गुन्हा नोंदवला की पोलीस येऊन त्यालाच उचलतात, त्या गडबडीत छोटी रिमोटची गाडी व्हेंटमधून आत सोडायची. या भागाचा नायक मार्कस बाहेरच्या बाकावर बसून अख्खी मोहीम फत्ते करू शकतो! बंदुकीची गरजच पडत नाही, आणि मला हेच सगळ्यात आवडतं. कथा थोडी विस्कळीत आहे, पण मार्कसची टोळी जीव लावते.

एकच घ्यायचा तर दुसरा घ्या. दोन्ही खेळायचे असतील तर पहिल्यापासून सुरुवात करा, नाहीतर त्याचं हॅकिंग नंतर तोकडं वाटेल.