रावपुऱ्यातला वाडा की अलकापुरीतला मजला?

को-वर्किंगसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या ऑफिससाठी, बडोद्यात दोन जागा पाहिल्या. अलकापुरीचा मजला सोयीचा: लिफ्ट, पार्किंग, एसी. पण तिथे वारसा म्हणजे भिंतीवर चिकटवलेला लक्ष्मीविलास राजवाड्याचा फोटो! रावपुऱ्यातल्या वाड्यात शिरलं की आधी चौक लागतो. वरून उजेड, खाली गारवा. ओसरीवर संखेड्याचा लाखकाम केलेला झोपाळा टांगला, आल्यागेल्याला पाणी-चहा विचारला, की रिसेप्शनचं काउंटर हवंय कशाला? बडोद्यातल्याच जुन्या तांबेकर वाड्यासारखी भित्तिचित्रं इथे नाहीत, नव्याने रंगवूही नयेत. सागवानी खांब नुसते पुसले तरी पुरे. अडचणी आहेतच: जिने उभे, आणि फोनवर बोलणाऱ्याचा आवाज चौकभर घुमतो. त्यासाठी माजघरात दोन बंद खोल्या काढाव्या लागतील. तरी माझं मत वाड्यालाच. गाडी मात्र लांब लावावी लागेल.