मॅटीवर घरं आखायची कशाने: पेन की तंगूस?

मॅटीवर, म्हणजे घरं मोजून टाके घालायच्या चौकड्यांच्या कापडावर, क्रॉस-स्टिचचा मोठा नमुना हाती घेतला की दर दहा घरांवर रेघांची आखणी करायची की नाही, यावर मी आता वाद घालत नाही. शंभराच्या पुढे घरं असतील आणि कापड कोरं असेल तर कधी ना कधी उसवणं आलंच. उरतो प्रश्न कशाने आखायचं याचा. पुसलं जाणारं पेन घ्यायचं की दोरा ओवायचा? आणि दोरा म्हणजे साधा सुती की तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी? मी हे सगळं वापरून पाहिलं आहे. तुमचं काम, तुमचं घर आणि तुमचा धीर वेगळा असेल, त्यामुळे माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवूनच वाचा.

आधी पेनबद्दल बोलू, कारण त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. 14 काउंटच्या, म्हणजे इंचाला 14 घरं असलेल्या, कापडावर 140 बाय 98 घरांचा नमुना धरा. दर दहा घरांवर एक रेघ, म्हणजे दोन्ही कडा धरून उभ्या 15 आणि आडव्या 11, एकूण 26 रेघा. पेनने हे काम रात्रीच्या जेवणानंतर बसून झोपायच्या आत उरकतं. आयडा (मॅटीसारखंच घरांचं कापड) चांगला कडक असेल तर दोन घरांमधली खाच पेनाच्या टोकाला धरून ठेवते, पट्टीसुद्धा लागत नाही. टाके घालताना वर काही आडवं येत नाही, रिंग लावताना काही चेपत नाही, मागची बाजूही मोकळी राहते. पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या बायका पेनच वापरतात आणि त्यांची कामं माझ्यापेक्षा देखणी असतात, हेही सांगून टाकतो.

अडचण सुरू होते ती आपल्या नागपूरच्या हवेत.

निळं पेन पाण्याने जातं. त्याचा नियम एकच, पण कडक: साबण आणि उष्णता लागण्याआधी रेघ थंड पाण्यात पूर्ण निघायला हवी. आधी इस्त्री फिरली तर ती पक्की बसते, कधी तपकिरी पडते. आता मे महिन्यात दुपारी आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तेव्हा त्याखाली हात धरवत नाही. 'थंड पाण्यात बुडवा' असं पाकिटावर छापणाऱ्याने नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नसावा. पहाटेचं पाणी बादलीत भरून ठेवायचं, नाहीतर माठातलं घ्यायचं, हा त्यावरचा उपाय. तो मी केला आहे आणि रेघा नीट निघाल्याही. पण काम संपेपर्यंत महिनोन्महिने रेघ कापडात बसून राहते, त्यात तळहाताचा घाम लागून ती जागोजागी पसरते. दहाव्या घराची रेघ नवव्या-अकराव्या घरावर ओघळली की ती कशाला मारली होती तेच कळत नाही. हिवाळ्यात हा त्रास जवळजवळ नसतो.

जांभळं पेन हवेने आपोआप जातं, म्हणजे धुवायचीही कटकट नाही. माझा निकाल खरं तर या जांभळ्या पेनाने लावला. ही शाई हवेतल्या ओलाव्याने लवकर उडते आणि उन्हाळ्यातलं आपलं घर म्हणजे खिडकीत बसवलेला कूलर, त्याला वाळ्याच्या ताट्या आणि खोलीभर दमट गारवा. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कापड पसरून आखलं, रात्रभर कूलर चालला, आणि सकाळी पाहतो तर कूलरच्या बाजूच्या रेघा साफ गेलेल्या, भिंतीकडच्या मात्र फिकट का होईना टिकलेल्या. अर्धं कापड आखलेलं, अर्धं कोरं. रेघ परत मारायला काही कष्ट पडत नाहीत. पण परत मारायची तर परत मोजायची, आणि ज्या मोजण्यातून सुटायला आखणी केली तेच मोजणं रोज सकाळी चहाबरोबर समोर येऊन बसणार असेल तर आखणीचा उपयोग काय? त्यातून पुन्हा मारलेली रेघ कालच्या अर्धवट टाक्यांशी जुळतेच असं नाही. एक घर इकडेतिकडे झालं की पाकळी एका टाक्याने लठ्ठ होते आणि ते तुम्हाला पान पूर्ण भरल्यावर दिसतं.

एसीच्या खोलीत जांभळी रेघ बरीच टिकते, कारण ती हवा कोरडी असते. बहिणीकडे हे मी पाहिलं आहे. तुमच्याकडे एसी असेल तर जांभळ्या पेनाचा वरचा सगळा परिच्छेद सोडून द्या. पावसाळ्यात मात्र तोही भरवसा मी धरणार नाही.

उष्णतेने पुसली जाणारी जेल पेनं हल्ली बरेच जण सुचवतात. त्यांची शाई साधारण 60 अंशांना पारदर्शक होते, म्हणजे इस्त्री फिरवली की रेघ गायब. सोयीचं आहे खरं. पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं, त्यामुळे कामाची पिशवी गाडीत विसरायची सोय उरत नाही. शिवाय शाई कापडातून जात नाही, नुसती दिसेनाशी होते. उणे दहाच्या आसपास थंडी लागली की परत उमटते. नागपुरात त्याची भीती नाही. पण नमुना भेट म्हणून कॅनडातल्या भाच्याकडे जाणार असेल तर विचार करा.

आता तंगूस. मणी ओवायला वापरतात तीच, किंवा मासे धरायच्या गळाची बारीक दोरी. नागपूरच्या इतवारी बाजारात मणी-मोत्यांच्या दुकानात रीळ मिळतं. जाडी 0.20 ते 0.25 मिलीमीटर पुरे, त्याहून जाड घेतली तर भोकं रुंदावतात. रंगीत मिळाली तर उत्तम, कारण पांढऱ्या कापडावर पारदर्शक तंगूस दिव्याखाली चमकते तेवढीच दिसते.

सुती दोऱ्याने आखणारेही आहेत, मीही तिथूनच सुरुवात केली. त्याचा दोष असा की टाका घालताना सुई त्या दोऱ्यातून आरपार जाते आणि दोरा टाक्यात शिवला जातो. शेवटी ओढायला गेलं की तो तुटतो आणि लाल दोरा असेल तर पांढऱ्या कापडात लाल तुसं राहतात, ती चिमट्याने वेचत बसायचं. तंगूस सुईला दाद देत नाही. सुई तिच्या बाजूने सरकून जाते. निकाल लावणारी दुसरी गोष्ट म्हणायची तर ही.

ओवायची पद्धत मी अशी ठेवली आहे: 24 नंबरची बोथट सुई, वर नऊ घरं, खाली एक. म्हणजे प्रत्येक बुडी दहाव्या घराची खूण होते आणि आडव्या रेघा ओवताना पुन्हा मोजावं लागत नाही, उभ्या रेघांच्या बुड्यांवरून जायचं. काहींना नऊ घरांची लांब उडी आवडत नाही, धागा तिच्यात अडकतो म्हणतात. त्यांनी चार वर, एक खाली करावं. टोकाला तंगुसाची गाठ राहत नाही, निसटते. म्हणून कडेबाहेर इंचभर सोडून ते टोक साध्या दोऱ्याने दोन टाके घालून बांधून टाकायचं.

एक गोष्ट पेनवाल्यांनाही लागू आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही. कापड दोनदा दुमडून मध्य काढला की आपण त्या घडीपासूनच दहा-दहा मोजायला लागतो. पण चार्टवरच्या ठळक रेघा डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजलेल्या असतात. 98 घरांचा मध्य 49 वर येतो आणि ठळक रेघ 50 वर असते. घडीवरून आखलं तर तुमची प्रत्येक आडवी रेघ चार्टपेक्षा एका घराने सरकलेली, आणि मग आखणी मदत करण्याऐवजी गोंधळ घालते. तेव्हा मध्य फक्त जागा ठरवायला वापरा आणि पहिली रेघ चार्टवरच्या जवळच्या ठळक रेघेवर घ्या, इथे मध्यापासून एक घर खाली.

तंगुसाला वेळ लागतो, हे मान्य. वर दिलेल्या मापाच्या कापडाला एक-दोन संध्याकाळी जातात आणि त्या संध्याकाळी रंगीत असं काहीच दिसत नाही. रिंग घट्ट केली की तंगूस थोडी वळते आणि रिंग काढल्यावर तो वळसा राहतो. लहान मूल घरात असेल तर सुटं टोक ओढायचा मोह त्याला आवरत नाही. तरीही एकदा ओवलं की ओवलं. कूलर, घाम, गाडी, गच्चीचं पाणी, कशाचंच देणंघेणं उरत नाही, आणि दिवाळीला थांबलेलं काम संक्रांतीला उघडलं तरी रेघ जिथल्या तिथे असते. माझी कामं अशीच रेंगाळतात, त्यामुळे माझ्यासाठी पारडं इथे झुकलं.

आयतीच आखलेली कापडंही मिळतात. त्यात एक प्रकार दर दहा घरांना रंगीत धागा विणलेला, दुसरा धुतल्यावर जाणाऱ्या रेघा छापलेला. वापरायला सुरेख. पण आपल्याकडे दुकानात हाताला लागणं कठीण, मागवावं लागतं आणि साध्या मॅटीच्या कितीतरी पट पैसे पडतात. भेटवस्तूचं काम आणि वेळ कमी असेल तर जरूर घ्या.

कडांचं थोडक्यात. मास्किंग टेप उन्हाळ्यात लावू नका, डिंक पाघळून कापडात मुरतो आणि त्यावर धूळ बसून काळी किनार तयार होते. हाताने कड शिवायला हरकत नाही, पण मी गल्लीतल्या फॉल-पिकोच्या दुकानात देतो. तिथल्या काकूंनीच सांगितलं, "भाऊ, पिको नका करू याला, हे जाड आहे. इंटरलॉक करून घ्या न." बरोबर होतं ते, पिकोची बारीक वळणी मॅटीवर बसत नाही. फक्त इंटरलॉकची पाती कड थोडी कापते, म्हणून कापड घेताना चारी बाजूंना तीन इंच सोडा आणि शिवाय थोडं जास्त. 140 बाय 98 घरांना 14 काउंटवर नमुनाच 10 बाय 7 इंच होतो, म्हणजे कापड 16 बाय 13 आणि वर अर्धा इंच. जाता जाता: पुरुष माणूस भरतकामाचं कापड घेऊन गेला की "वहिनींचं आहे का?" असं विचारतातच. मी हो म्हणून मोकळा होतो.

आधी धुवायचं की नाही यावर दोन तट आहेत. कडक कापडावर टाका सरळ बसतो, रिंगशिवायही धरता येतं, म्हणून न धुणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. बाहेरचा चांगला आयडा मी तसाच वापरतो. सुट्या वाराने घेतलेली मॅटी मात्र धुतोच. तिची खळ निघते आणि आटायची ती आधीच आटते. या मॅटीबाबत माझा अनुभव असा की ती उभी जास्त आटते, आडवी कमी. काम झाल्यावर धुतली तर गोल सूर्यफूल लंबगोल होतं. दुकानातच एक इंचात उभी किती घरं आणि आडवी किती ते पट्टी लावून मोजा. दोन्हीकडे सारखी नसली तर दुसरं थान उघडायला सांगा, गिऱ्हाईक हट्टी आहे म्हणाले तरी चालेल. धुवायला पेंच धरणाचं नळाचं पाणी घ्या. बोअरच्या जड पाण्याने पांढऱ्यावर पिवळट झाक येते.

क्रम असा: आधी इंटरलॉक, मग धुणं, अर्धवट ओलं असताना उलट बाजूने इस्त्री, पूर्ण वाळल्यावर आखणी. पेन वापरणार असाल तर हा क्रम काटेकोर पाळा, कारण आखल्यानंतर इस्त्रीला जागा नाही. तंगूस ओवली तरी वरून गरम इस्त्री फिरवू नका, नायलॉन वितळतं.

मग पेन कुणी घ्यावं? ज्यांचा नमुना पुस्तकातल्या खुणेच्या पट्टीएवढा, तळहाताएवढा आहे आणि जो आठवड्यात संपणार आहे त्यांनी निळं पेन घ्यावं, तंगुसाचा खटाटोप कशाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम करणाऱ्यांनीही घ्यावं. गडद कापडावर मात्र निळी-जांभळी रेघ दिसतच नाही, तिथे पांढरी किंवा पिवळी तंगूसच. आणि ज्यांना वर्षभर पुरणारं मोठं काम करायचं आहे त्यांना मी तंगूसच सुचवेन, आग्रह नाही.

काढताना टोकाचे दोन टाके कापून तंगूस एकाच बाजूने, कापडाला समांतर धरून ओढायची. मागे जिथे धागे दाट गेलेत तिथे ती अडते. तेव्हा झटका न देता मधल्या बुडीत कापून दोन्हीकडून काढावी. आडव्या रेघा आधी काढा, उभ्या नंतर, कारण ओवताना आडव्या वरून गेलेल्या असतात.