दीड महिना फक्त पडायला शिकवणारा ज्युडो क्लास

माही पोरगी सातवीत आहे, मागच्या जूनपासून तालुक्याला ज्युडोच्या क्लासला जाते. वर्ष झालं म्हणून आता लिहून राह्यली, कारण नाव टाकायच्या वेळी मला नीट सांगणारं कोणीच भेटलं नव्हतं. आम्ही वरूडकडचे, संत्र्याच्या पट्ट्यातले, इकडे पोट्ट्यांना क्रिकेट नाहीतर कबड्डी असते, पोरींना तं तेही नाही.

याच्या आधी तिला दुसऱ्या एका क्लासला टाकलं होतं. तिथे दर तीन महिन्याला परीक्षा, परीक्षेचे पैसे वेगळे अन् प्रत्येक वेळी पट्ट्याचा रंग बदलायचा. तीन पट्टे झाले पण पोरीला साधी कोलांटी येत नव्हती. पैसे गेले ते गेलेच, पण तिचं वर्ष गेलं याचं खूप वाईट वाटलं.

इथे उलटं आहे. पहिले दीड महिना डाव नाहीच, फक्त पडायचं. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, पाठ गोल करायची, अन् पाठ टेकते त्याच वेळी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यानं मॅटवर जोरात मारायचं, फाट्‌कन आवाज आला पाहिजे. रोज शंभर-शंभर वेळा. मी एक दिवस सरांना म्हटलंच की सर, डाव कधी शिकवणार, तं ते म्हणाले, "ताई, जिला पडायची भीती राहत नाही तिलेच डाव जमते. थोडं थांबा."

मंग श्रावणात आमच्या अंगणात शेवाळ झालं होतं अन् पोरगी भरलेली बादली घेऊन येता येता मागच्या मागे घसरली. मी ओट्यावरून पाहत होती, माहा जीवच गेला. बादली तिकडे उडाली, हाताचा फाट्‌कन आवाज आला, मान वर उचललेली, डोकं फरशीला लागलंच नाही. उठली, कपडे झटकले अन् म्हणते, "आई, पाणी सांडलं व." त्या दिवसापासून मी सरांना डावाबद्दल विचारलं नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे शनिवारी शेवटचे पंधरा मिनिटं सर सगळ्यांना खाली बसवून या विद्येचा इतिहास सांगतात, मी बाहेर बसून तोच ऐकत राहते. भिंतीवर ज्युडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंचा फोटो आहे. 1860 चा जन्म, अंगानं बारीक, शाळेत मोठे पोट्टे त्रास द्यायचे म्हणून ते जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी कुस्तीसारखी विद्या, शिकायला गेले, पहिले तेन्जिन शिन्यो-र्यू मग कितो-र्यू, या दोन जुन्या परंपरा. त्यातलं धोक्याचं बाजूला काढून 1882 मध्ये टोकियोच्या एइशोजी देवळात त्यांनी कोदोकान, म्हणजे ज्युडोची शाळा, सुरू केलं. जागा फक्त 12 चटयांची, एक चटई साधारण 6 बाय 3 फूट, म्हणजे आमच्या ओसरीएवढीच झाली. तिथून निघालेली विद्या 1964 ला ऑलिम्पिकमध्ये गेली. अन् 1929 मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात शिकवायला ताकागाकी नावाचे जपानी गुरू बोलावले होते, हे तं मला इथेच समजलं.

'जु' म्हणजे नरमाई अन् 'दो' म्हणजे मार्ग. कानो आकड्यात समजवायचे, तसंच सर दोन पोट्टे उभे करून दाखवतात. समोरच्याची ताकद 10, तुही 7. त्यानं ढकललं अन् तू अडून राहिली तं तू पडशीन. पण तो ढकलते तसं तू मागे सरकली तं त्याचा तोल जाते अन् तोल गेलेल्या माणसाची ताकद 3 च राहते, तुह्या 7 तशाच शिल्लक. ताकद जिथं कामी येईल तिथंच लावायची, याला सेइर्योकु झेन्यो म्हणतात. दुसरं तत्त्व जिता क्योएइ, आपलं अन् समोरच्याचं दोघांचंही भलं. मला हे पुस्तकी वाटलं होतं, पण एक दिवस नीट पाहिलं तं जिनं पाडलं ती पडणारीची बाही शेवटपर्यंत सोडत नाही, वरून ओढून धरते, म्हणजे पडणारी पाठीवर नीट पडते. सर सगळ्यात जास्त रागावतात ते बाही सोडली तर. हरली म्हणून कोणाला कधी बोललेले नाही पाहिले.

माहे सासरे जुने पहिलवान, हनुमानाच्या आखाड्यातले, त्यांना पहिले हे काही पटत नव्हतं. एकदा सोबत आले अन् पोरीनं सेओइ नागे मारला, म्हणजे समोरच्याच्या काखेत हात घालून पाठीवरून फेकला, तसे खुर्चीवरून उठलेच, "अरे हे तं धोबीपछाड होय!" मॅटवर जाताना वाकून नमस्कार करतात तेही त्यांना आवडलं, आपल्याकडे माती कपाळाला लावतात ना तसंच. आता ते स्वतः तिला सोडायला जातात.

कमी पण सांगते. जागा जुन्या गोडाऊनमध्ये आहे, वर टिन, त्याच्यानं एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी बसवत नाही, तेव्हा क्लास सकाळी साडेपाचला असतो अन् खेड्यावरून येणाऱ्यांचे हाल होतात. पोरींना कपडे बदलायला वेगळी खोली नाही, नुसता पडदा लावला आहे, हे मी सरांना दोनदा बोलली, झालंच पाहिजे ते. दोन मॅटचं कव्हर फाटलं आहे, त्यात पायाचं बोट अडकते.

फी महिन्याला 400, ड्रेस 1100 चा, पण पहिले दोन महिने सर घ्यायला लावत नाहीत, साध्या ट्रॅकपँटवर चालते. मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या पडद्याचा कापला.

नवी बॅच जूनमध्ये शाळेसोबतच सुरू होते. पोरांचे हातापायाचे नखं कापूनच पाठवा, सर दारातच पाहतात अन् वाढलेले असले तं त्या दिवशी मॅटवर घेत नाहीत.