‘शो क्वालिटी’ लॅब्रॅडॉरच्या नावाखाली ७१,५०० रुपये गेले. पिल्लू घ्यायला निघालेल्यांनी आधी हे वाचा

आधी आकडे सांगते. पिल्लाचे ६५,०००, पेपर्स (वंशावळीच्या नोंदणीचे कागद) आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) यांचे ६,५००. एकूण ७१,५०० रुपये. त्यातले ३०,००० रोख दिले, पावती नाही. बाकीचे ४१,५०० यूपीआयने, तेही विकणाऱ्याच्या नावावर नाही. “ताई, माझं आजचं लिमिट संपलंय, मेव्हण्याच्या नंबरवर टाका” म्हणाला आणि मी टाकले. मी स्वतः पतसंस्थेत कॅशियर आहे. हे लिहिताना मला काय वाटतंय ते माझं मला माहीत.

हौसेपायी पैसे उडवले म्हणणारे घरातच पुष्कळ निघाले, म्हणून हेही सांगते. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दोन वर्षं तो थंडीत पुण्याला डॉग शो बघायला जातोय. रिंगच्या कडेला उभा राहून हँडलर कुत्रं कसं स्टॅक करतात, म्हणजे जजसमोर ठरावीक पवित्र्यात उभं करतात, जज कुठे कुठे हात लावून बघतात, हे वहीत लिहून आणतो. दहावीला ८५ टक्क्यांच्या वर गेलास तर शोचं पिल्लू घेऊ, असा शब्द मी दिला होता. त्याला ८९ टक्के पडले. मी शब्द पाळला, एवढंच माझ्याकडून झालं.

ब्रीडर पुण्याच्या बाहेर, हायवेपासून आत एका फार्महाउसवर. त्याच्याकडे एकाच लिटरमध्ये, म्हणजे एका वेतातल्या पिल्लांत, दोन भाव होते, पेट क्वालिटी (नुसतं घरात पाळायला) १८,००० आणि शो क्वालिटी (डॉग शोमध्ये उतरवण्याजोगं) ६५,०००. दहा हजार भरून बुकिंग केलं आणि जानेवारीत पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर ४,२०० रुपयांची गाडी करून गेलो. भिंतीवर बापाचा मोठा फोटो. पिवळा लॅब, हिरव्या कार्पेटवर उभा, शेजारी बक्षिसाचं रोझेट. इम्पोर्ट लाइन (परदेशी वंश), चॅम्पियन, वगैरे वगैरे. बाप ‘मेटिंगला बाहेर गेलाय’. आई मागच्या खोलीत, ‘पिल्लं असताना परक्यांवर धावून येते’. आईला न बघता पिल्लू घेऊ नका. दाखवायला नकार मिळाला तर तिथल्या तिथे परत फिरा, गाडीभाडं गेलं तर जाऊ दे.

आता तो क्षण. महिनोन्‌महिने मी तोच उगाळतेय.

त्याने पिल्लू टेबलावर घेतलं, हिरवा कपडा अंथरून उभं केलं. एक हात हनुवटीखाली, दुसरा मागच्या पायांमधून पोटाखाली. माझ्या मुलाने दात बघितले, वरचे खालच्यांवर बरोबर बसत होते. पाठ बघितली, शेपटीचं मूळ बघितलं. मग मागून हात घातला. ब्रीडरने लगेच पिल्लू उचलून छातीशी धरलं. मुलगा म्हणाला, “आई, दोन लागत नाहीयेत. एकच आहे.”

आणि मी काय केलं? मी त्याला गप्प केलं. परक्या माणसासमोर, शेजारी ड्रायव्हर उभा, आणि हा वृषणांबद्दल बोलतोय म्हणून मला लाज वाटली. “अरे, त्यांना जास्त कळतं” असं मी म्हणाले. ब्रीडर हसला. “थंडी आहे ना ताई, वर सरकतात. उद्या घरी ऊबेला बघा, दोन्ही लागतील.” यातलं अर्धं खरं आहे. लहान पिल्लांत थंडीने, घाबरल्याने वृषण वर ओढले जातात. पण मग पिल्लू पाच मिनिटं मांडीवर घेऊन, ऊब देऊन पुन्हा बघता आलं असतं. आम्हाला कसलीही घाई नव्हती. माझ्या मुलाचा हात बरोबर होता आणि मी त्याला खाली बसवलं.

लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनीही एकच मोजलं. आठ आठवड्यांपर्यंत बहुतेक नर पिल्लांत दोन्ही खाली आलेले असतात, म्हणाले. थांबू, पण सहा महिन्यांनंतर आशा नाही. ब्रीडरला फोन केला. “गॅरंटी माझी, सहा महिन्यांत उतरतं.” त्या भरवशावर आम्ही थांबलो, आणि थांबताना खर्चही करत राहिलो. रिंग ट्रेनिंगचे बारा क्लास, ६०० प्रमाणे ७,२००. शो लीड, म्हणजे रिंगमधला पट्टा, ८५०. सहा महिने झाले, दुसरं वृषण पोटातच. सोनोग्राफीत दिसलं. शोच्या दृष्टीने तिथेच सगळं संपतं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय केनेल संघटनेच्या स्टँडर्डमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे की नराची दोन्ही वृषणं पूर्ण खाली उतरलेली आणि दिसायला निरोगी हवीत. जज रिंगमध्ये हात लावून तपासतात. शिवाय हा दोष पिढीतून येतो, म्हणून असं कुत्रं मेटिंगला वापरायचं नसतं. पोटात राहिलेल्या वृषणाला पुढे गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून ऑपरेशन करून दोन्ही काढावी लागली. १६,००० रुपये.

पेपर्सचं तर विचारूच नका. ‘केनेल क्लबकडून दोन महिन्यांत येतील’ हे सहा महिने ऐकलं. केसीआयची (केनेल क्लब ऑफ इंडियाची) नोंदणी नसेल तर शोमध्ये वंशावळीच्या गप्पांना काही अर्थ नाही. पेपर्स नंतर देतो म्हणणाऱ्याला पैसेही नंतर देतो म्हणा. लसीच्या कार्डावर मायक्रोचिपचं पंधरा आकडी स्टिकर होतं, ते बघून मी निश्चिंत. डॉक्टरांनी मानेपासून खांद्यापर्यंत तीनदा स्कॅनर फिरवला. चिपच नाही! स्टिकर चिकटवायला काय लागतं? तुमच्यासमोर, विकणाऱ्याच्या दारातच स्कॅन करायला लावा. आणि बापाचा तो फोटो मुलाने गूगलवर टाकून शोधला, तर एका परदेशी शोमधल्या कुत्र्याचा निघाला. हे बुकिंगच्या आधी दोन मिनिटांत झालं असतं.

मला आता कळतंय की हा प्रकार उलटा आहे. दोष असलेलं पिल्लू खरं तर १८,०००च्या भावात, सगळं सांगून, घरात पाळायला जायला हवं. त्याने तेच शो क्वालिटी म्हणून आमच्या गळ्यात मारलं, कारण आम्ही नवखे. खरा ब्रीडर आठ आठवड्यांच्या पिल्लाला चॅम्पियन म्हणतच नाही, ‘होण्यासारखं आहे’ इतकंच म्हणतो, आणि लिटरमधलं सगळ्यात चांगलं पिल्लू बहुधा स्वतःकडे ठेवतो. ‘हे सर्वांत चांगलं आहे तर तुम्ही का विकताय?’ हा प्रश्न मी विचारला नाही. तुम्ही विचारा.

आता पोलीस ठाणं. पहिल्या खेपेला विचारलं, “कुत्रं जिवंत आहे ना मॅडम? मग फसवणूक कुठली?” दुसऱ्या खेपेला म्हणाले, हद्द पुण्याकडची. झिरो एफआयआर (हद्द नसली तरी नोंदवायचा) म्हटलं, तर “ते मोठ्या गुन्ह्यांना”. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, त्यात ७१,५०० रुपये बसत नाहीत का? तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, आवकचा शिक्का मीच भांडून मारून घेतला. दोन महिन्यांनी बोलावलं आणि ब्रीडरला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, “मॅडमनी खायला नीट घातलं नाही, म्हणून उतरलं नाही.” आणि टेबलापलीकडचे दोघे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच आरोपी. मग सल्ला, “मिटवून टाका.” रजा टाकून चार चार खेपा घातल्या त्या हे ऐकायला!

कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम २०१७ पासून आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, चिप हवी. हा माणूस नोंदलेला आहे का, एवढंच विचारायला जिल्ह्याच्या कार्यालयात तीनदा गेले. “आम्ही गाई-म्हशी बघतो.” माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं ‘माहिती उपलब्ध नाही’. ज्याची माहितीच कुणाकडे नाही तो नियम कुणासाठी केलाय? आम्ही कर भरतो, रांगेत उभे राहतो, कागद जोडतो, आणि समोरचा माणूस मान वर करून बघतही नाही.

वकिलाची नोटीस पाठवली, ३,००० रुपये. ‘घर बंद’ शेरा मारून परत आली. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतेय. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण वकील म्हणतात, दाखवता येतील ते ४१,५००च. रोखीचे ३०,००० गेले. रोख देऊ नका. चॅट पुसू नका. ‘शो क्वालिटी’ हे शब्द आणि त्यात काय धरलंय ते पावतीवर लिहून घ्या, आणि दोन्ही वृषणं उतरली नाहीत तर पैसे परत, हेही.

गाडी, क्लास, लीड, ऑपरेशन, नोटीस धरून एकूण १,०२,७५० झाले. मधे ब्रीडरने निरोप पाठवला होता, कुत्रं परत आणा, वर २०,००० द्या, दुसरं देतो. मुलाने सरदारला, आमच्या कुत्र्याला, गळ्याशी धरलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. परत नेलेल्या कुत्र्याचं तिथे काय होतं ते आम्हा दोघांनाही न सांगता कळत होतं.

गेल्या रविवारी मुलाने मोबाइल पुढे धरला. त्याच माणसाची नवी जाहिरात, ‘शो क्वालिटी मेल, बुकिंग १५,०००’. तेच टेबल, तोच हिरवा कपडा. पिल्लू ऐटीत उभं आहे, आणि त्याचा हात मागच्या पायांमधून पोटाखाली गेलेला आहे.