पिरिडीन आणि पायरोल: नायट्रोजन तोच, वागणूक उलटी

दोन्ही वलयं अॅरोमॅटिक, म्हणजे वलयभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे खास स्थिर; दोन्हींत एकेक नायट्रोजन, दोन्हींत असे पसरलेले सहा इलेक्ट्रॉन (पाय इलेक्ट्रॉन). तरी परीक्षेत हमखास गोंधळ होतो, कारण नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची एकाकी (बंधात न गुंतलेली) जोडी नेमकी कुठे आहे हे कुणी कागदावर काढूनच बघत नाही.

पिरिडीनमध्ये ती वलयाच्या प्रतलात, बाहेरच्या बाजूला असते. सहाची गणती तिच्याशिवायच पुरी होते, म्हणून ती प्रोटॉन उचलायला मोकळी. पिरिडीन आम्लारी ठरतं. त्याच्या संयुग्मी आम्लाचा, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या पिरिडीनचा, पीकेए (आम्लतेचं माप) सुमारे 5.2. पायरोलमध्ये मात्र चार कार्बनांचे चारच इलेक्ट्रॉन, उरलेले दोन ही जोडी पुरवते. ती प्रोटॉनला दिली की अॅरोमॅटिकपणाच गेला! त्यामुळे तीव्र आम्लातही प्रोटॉन प्रामुख्याने नायट्रोजनवर न बसता दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर (नायट्रोजन पहिला धरून) बसतो, आणि मग रेणू एकमेकांना जोडले जाऊन चिकट राळ तयार होते. पायरोलची बाटली नुसती हवेत उघडी राहिली तरी द्रव काळवंडतो. पिरिडीनला तसलं काही होत नाही, फक्त वास असह्य.

इलेक्ट्रॉनस्नेही अभिक्रियेत, म्हणजे इलेक्ट्रॉन शोधणारा कण वलयावर हल्ला करतो तेव्हा, पायरोल बेंझीनपेक्षा कितीतरी उतावीळ, हल्ला दुसऱ्या स्थानी. पिरिडीन ढिम्म, नायट्रेशनला (नायट्रो गट जोडायला) 300 अंशांच्या आसपास तापवावं लागतं, तेही तिसऱ्या स्थानी आणि उत्पादन जेमतेम. उलट इलेक्ट्रॉन देणारं सोडामाइड (NaNH2) आणा, पिरिडीन दुसऱ्या स्थानी अमिनो गट सहज घेतं.

नायसिन या जीवनसत्त्वात पिरिडीन, हिमोग्लोबिनमधल्या हीममध्ये चार पायरोल. मला स्वतःला पायरोल जास्त आवडतं, पण प्रयोगशाळेत हाताशी पिरिडीनच बरं.